पणतीवर शेवटचा हात कुणाचा?

लालबागची_माय | २ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१०

दिवाळी झाली, फराळाचे डबे घासून झाले, आता निवांत लिहिते.

माझा मुलगा एकवीस वर्षांचा. डाऊन सिंड्रोम, सर्टिफिकेटवर 'मध्यम', ७५ टक्के. अठरा झाल्यावर शाळा संपली, तेव्हापासून एका कार्यशाळेत जातो. नाव लिहीत नाही, तिथली माणसं वाईट नाहीत. वर्षभर कागदी पिशव्या, श्रावणात राख्या, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला वाणाच्या वस्तू. दिवाळीआधी दादरला त्यांचा स्टॉल होता. पणत्यांच्या प्रत्येक खोक्यावर मुलाचं नाव. मी हौसेने आमच्या नावाची चार खोकी घेतली. घरी उघडली आणि कळलं, या त्याच्या नाहीत.

कसं कळलं? अहो, मी त्याचे ठिपके ओळखते. डावीकडून सुरू करतो. पहिला ठिपका मोहरीएवढा, मग वाढत वाढत वाटाण्याएवढा, आणि जागा संपली की शेवटचा ठिपका पणती उलटी करून बुडाला. या पणत्यांना सोनेरी किनार, सगळीकडे एकसारख्या कैऱ्या, एक थेंब ओघळलेला नाही. सुरेख होत्या. मी त्याच्यापुढे मांडून विचारलं, "यातली तुझी कुठली रे?" त्याने पणत्यांकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं.

तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. हा काहीही करताना आधी तोंडाकडे बघतो. शर्टाचं बटण, चहातली साखर, चित्रातला प्रत्येक फटकारा. बरोबर का? पुढे जाऊ का? आणि आम्ही घरभर "छान छान!" करून टाळ्या वाजवतो. वीस वर्षं वाजवल्या. तरी आपल्याला काही येतं असं त्याला वाटत नाही.

रंगात तो रमतो, हे मात्र खरं. त्यातून काही करता येईल का? पुस्तकी सांगू नका, केलेलं सांगा.

ठाणेकर_मावशी | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

+१. आमच्या भाचीच्या राखीला प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं. घरी येऊन म्हणाली, "टीचरला बक्षीस मिळालं." आम्ही सगळे हसलो होतो. तुमचं वाचून आत्ता कळलं ती काय म्हणत होती.

शिवडी_स्लो | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

ताई, मी सतरा वर्षं विशेष शिक्षिका आहे. आधी आमच्या बाजूचं ऐका. कंपनीची ऑर्डर येते. पाचशे पणत्या, दहा दिवस, बारा मुलं, आम्ही दोघी. गिऱ्हाईक "मुलांनी केलंय" म्हणून कौतुकाने हातात घेतं, पण ओघळ दिसला की हळूच परत ठेवतं. मग मुलं गेल्यावर आम्ही बसून किनारी ओढतो. मीही ओढल्यात. खोटं कशाला बोलू.

आता तोंडाकडे बघण्याचं. हे शिकवलेलं असतं, आपणच शिकवलेलं. मदतीच्या पायऱ्या असतात. हात धरून करवून घेणं ही सगळ्यात जास्त मदत. मग करून दाखवणं, मग बोटाने खूण, मग नुसता शब्द, मग काहीच नाही. मूल शिकतं तसतसं आपण एकेक पायरी मागे सरायचं असतं. घाईत आपण हात धरण्यापाशीच राहतो, कारण त्याने काम पटकन उरकतं. मुलाला त्यातून कळतं काय, तर काम पूर्ण होतं ते दुसऱ्याच्या हाताने.

पुस्तकी नको म्हणालात, तरी एकच. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं की 'हे मला जमेल' ही खात्री चार वाटांनी येते. स्वतः करून जमलेलं; आपल्यासारख्या कुणाला जमताना पाहिलेलं; दुसऱ्याने दिलेला धीर; आणि त्या वेळी छातीत धडधड होते की मन शांत असतं ते. पहिली वाट सगळ्यात भक्कम. तुमच्या टाळ्या तिसऱ्या वाटेवरच्या आहेत, आणि पहिलीवर काही घडलेलंच नसेल तर त्यांना धरायला काही राहत नाही. दुसऱ्या वाटेतला 'आपल्यासारखा' हा शब्दही सोडू नका. मी सुंदर मोर काढून दाखवला तर मुलाला एवढंच कळतं की टीचरला मोर येतो. शेजारच्या बाकावरच्या मित्राने वाकडातिकडा काढला तर हा ब्रश उचलतो.

घरी करून बघा: त्याने तुमच्याकडे बघितलं की तुम्ही कागदाकडे बघा. बोलू नका. मनात वीस अंक मोजा, मोठे वाटतात पण मोजा. काही दिवस तो अडून बसेल, रुसेल. बोलल्याशिवाय राहवलंच नाही तर 'छान' नको, जे दिसतं ते बोला. "लाल इथवर आला." "हा ठिपका मोठा झाला." पुढे काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू दे.

डोंबिवली_फास्ट | ३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

माफ करा, पण कडू बोलतो. माझा मुलगा चोवीसचा. कला वगैरे सगळं ठीक आहे, पण ज्यांच्याकडे वेळ आणि जागा आहे त्यांच्यासाठी. आमच्या पावणेचारशे फुटांत चार माणसं. माझी रिटायरमेंट सहा वर्षांवर. रात्री झोप लागत नाही ती 'आमच्यानंतर काय' या एका गोष्टीने. त्याला दिव्यांग डब्यात एकट्याने चढता आलं, दहाच्या नोटेचे सुटे मोजता आले तर मला हवंय. ठिपके काढून लोकल पकडता येते का?

शिवडी_स्लो | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

@डोंबिवली_फास्ट नाही येत. ही खात्री ज्या त्या कामापुरती असते, आपोआप सगळीकडे पसरत नाही. चित्र जमलं म्हणून ट्रेन जमेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लोकल लोकलमध्येच शिकवावी लागते.

पण ती शिकवताना तो तुमच्याच तोंडाकडे बघणार ना? दार कुठल्या बाजूला येईल, आता चढू की नको, हे ठरवायची सवय कुठेतरी लागायला हवी. प्लॅटफॉर्मवर चुकायची सोय नाही. कागदावर आहे. कागद फुकट गेला तर रद्दी.

कोकणी_शहाळं | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

अवांतर: अजूनही 'मतिमंद' म्हणायचं की 'बौद्धिक दिव्यांग' की 'विशेष मूल'? नातेवाइकांत रोज वाद होतो.

शिवडी_स्लो | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:५२

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'बौद्धिक दिव्यांगत्व' आहे, २१ प्रकारांपैकी एक. माझ्यापुरतं सांगते: एकवीस-चोवीसच्या माणसांना 'मूल' म्हणणं मला जास्त खुपतं. मीही वर तेच म्हटलंय, बघा. या वादाचा वेगळा धागा काढा प्लीज.

बोरीवली_ताई | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

माझा भाऊ सत्तावीसचा, मी बत्तीस. आमच्याकडे रंग नव्हते, फाडणं होतं. भाऊ कागद फाडायचा. वर्तमानपत्र, माझ्या वह्या, एकदा लाईट बिल. आई ओरडायची, तो फाडायचा. शेवटी मी वैतागून त्याच्यापुढे जुनी कॅलेंडरं, एक पुठ्ठा आणि फेविकॉल ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. बाहेर आले तर निळे तुकडे एकीकडे, बाकीचे खाली. निळेच चिकटवले होते, एकावर एक, पुठ्ठा जाड होईपर्यंत.

मला वाटलं पुढे आता पिवळे लावेल. मी एक पिवळा तुकडा उचलून दिला. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला. ताई, सत्तावीस वर्षांत त्याने मला कशालाही 'नको' म्हटलेलं मला आठवत नाही. ते पहिलं. मग थोड्या वेळाने म्हणाला, "झालं."

तेव्हापासून एक नियम आहे: 'झालं' तोच म्हणणार. कधी दहा मिनिटांत, कधी तीन दिवसांनी. मला अर्धवट वाटतं, वाटू दे.

अमेरिकेतल्या ज्युडिथ स्कॉटबद्दल कुणी वाचलंय का? जन्म १९४३, डाऊन सिंड्रोम, शिवाय ऐकू येत नव्हतं, आणि ते बरीच वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. सातव्या वर्षी घरातून संस्थेत, तिथे पस्तीसेक वर्षं. ऐंशीच्या दशकात जुळ्या बहिणीने तिला बाहेर आणलं आणि १९८७ पासून ती ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ नावाच्या कलाकेंद्रात जाऊ लागली. सुरुवातीला जवळजवळ दोन वर्षं तिथे तिचं कशातच मन लागलं नाही. मग एका धाग्यांच्या वर्गात तिने वस्तू सुताने गुंडाळायला घेतल्या आणि २००५ मध्ये जाईपर्यंत गुंडाळत राहिली. मोठ्या संग्रहालयांत आहेत तिची कामं. मला त्यातली ती दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. आपल्याकडे दोन महिन्यांत 'याला इंटरेस्ट नाही' असा शेरा वहीत पडला असता.

खडू_फळा | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

निवृत्त कलाशिक्षक. चाळीस वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, स्थिरचित्रातली सावली चुकली की गुण कापले. निवृत्तीनंतर चार वर्षं अशा एका गटाबरोबर शनिवारी बसतो. चाळीस वर्षांत शिकलो नव्हतो ते तिथे कळलं, म्हणून थोडं साहित्याबद्दल.

पोस्टर कलरची बाटली आठवा. झाकण उघडायला दुसरा लागतो. म्हणजे चित्र सुरू व्हायच्या आतच पहिली हार झाली! रंग सकाळीच इडलीपात्राच्या साच्यात किंवा स्टीलच्या वाट्यांत काढून ठेवा, किंवा हलक्या टोपणाच्या डब्या घ्या. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, बारीक दांडा बोटांत फिरतो. बारा नंबरचा चपटा ब्रश घ्या, दांड्यावर सायकलच्या हँडलची मूठ किंवा जुना पायमोजा गुंडाळा. कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने टेबलाला किंवा पाटाला लावा. कागद सरकला की हे थांबतात आणि आपण धावतो. बऱ्याच जणांची नजर अधू असते, तेव्हा पांढऱ्यावर पिवळा नको. काळ्या कार्डशीटवर पांढरा खडू देऊन चेहरा बघा.

ओल्या रंगाची किळस येणारेही असतात. त्यांना कोरडं द्या: ऑइल पेस्टल, कापडाचे तुकडे, भेंडीचे ठसे. पेस्टल मोडणारच. तुकड्यांनी उलट चांगलं जमतं.

आणि ती छापील चित्रं रंगवायची पुस्तकं रद्दीत घाला. रेघ आधीच आखलेली असली की एकच गोष्ट करता येते, रेघेबाहेर जाणं. बरोबर येण्याची वाट दुसऱ्याने आखलेली आणि चुकण्याची याची.

डोंबिवलीकर, जागेचं म्हणाल तर एक पाट पुरतो. काम झालं की पाट उभा करून भिंतीला टेकवायचा. फक्त पुसू नका, उद्या तिथूनच सुरू करू दे.

बोरीवलीचा_निळा | ६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

(बहीण टाइप करते. मी सांगतो. तिने बदललं नाही. मी वाचून घेतलं.)

मी कागद फाडतो. आता चिकटवतो. निळा माझा.
टीचर हात धरायची. मला आवडत नाही. मी सांगितलं नाही. रागावतात.
ताई हात धरत नाही.
फेविकॉल संपला की मी दुकानात जातो. दादा मला ओळखतो. मोठा द्या म्हणतो. छोटा देतो तर नको म्हणतो.
पणत्या मला आवडत नाहीत. तुमच्या मुलाला विचारा.

लालबागची_माय | ६ नोव्हेंबर, रात्री ९:०१

दादा, आजच विचारते.

ठाणेकर_मावशी | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

'छोटा देतो तर नको म्हणतो' हे तीनदा वाचलं. मला चाळीस वर्षांत दुकानदाराला नको म्हणता आलेलं नाही.

डोंबिवली_फास्ट | २४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

वर फटकळ बोललो होतो, म्हणून कळवतो. पाट घेतला. पहिले चार दिवस ढिम्म बसून. पाचव्या दिवशी रंगाची वाटी उलटी, लादीवर लाल. बायकोने मलाच सुनावलं. मग विचार केला निदान निवड तरी करू दे. "लाल की निळा?" म्हटलं की निळा. "निळा की हिरवा?" हिरवा. "हिरवा की लाल?" लाल. आठवडाभराने डोक्यात प्रकाश पडला, तो शेवटचा शब्द परत म्हणतोय. चोवीस वर्षं आम्ही "भात हवा की पोळी?" विचारून त्याला पोळी वाढतोय. त्याला पोळी आवडते की नाही हे मला माहीत नाही.

शिवडी_स्लो | २५ नोव्हेंबर, दुपारी २:१०

@डोंबिवली_फास्ट हे बरेच जण करतात. शिवाय "आवडलं का?" विचारलं की 'हो' म्हणतात, कारण 'हो' म्हटल्यावर कुणी रागावत नाही. तोंडी विचारूच नका. दोन्ही वाट्या समोर ठेवा, गप्प बसा, हात कुठे जातो बघा. दुसऱ्या दिवशी वाट्यांच्या जागा बदला. तरी त्याच रंगाकडे गेला तर ती निवड. उजव्याच वाटीकडे गेला तर सवय. जेवणातही तेच करून बघा.

लादीवरचा लाल कुणी पुसला?

डोंबिवली_फास्ट | २५ नोव्हेंबर, रात्री १०:४८

मी.

(कळलं. पुढच्या वेळी फडकं त्याच्या हातात.)

बोरीवली_ताई | १२ डिसेंबर, रात्री ८:५५

बातमी वाचली का? यंदाचं टर्नर पारितोषिक न्नेना कालू यांना मिळालं. ब्रिटनमधलं समकालीन कलेतलं मोठं पारितोषिक, आणि त्या बौद्धिक दिव्यांग आहेत, बोलणं अगदी मोजकं. दोऱ्या, टेप, कापड गुंडाळून टांगलेल्या मोठ्या आकृत्या करतात. १९९९ पासून लंडनच्या एका संस्थेच्या कलादालनात काम करतायत. म्हणजे पंचवीस वर्षांहून जास्त! भावाला फोटो दाखवले. एक फोटो मोठा करून बराच वेळ बघत होता. मग माझ्या लोकरीच्या टोपलीतून निळी काढून घेतली. स्वेटर राहिला माझा.

तक्रारही लिहून टाकते. गेल्या महिन्यात बँकेत गेलो होतो. हा प्रत्येक पुठ्ठ्यामागे स्वतःची सही करतो, चार अक्षरं, शेवटचं उलटं, पण दर वेळी तसंच उलटं. काउंटरवरच्या बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. मी बोलायच्या आत त्याने अंगठा टेकवला सुद्धा. बाहेर येऊन मीच रडले. शिवडीताई म्हणतात ते खरंच आहे, एका ठिकाणची खात्री दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. आता घरी जुनी स्लिप ठेवून सही करतोय. पॅड पुढे आलं की काय म्हणायचं तेही, "पेन द्या."

शिवडी_स्लो | १३ डिसेंबर, सकाळी १०:१५

ताई, पालकांनीही एक लक्षात ठेवा. अठरा पूर्ण झाले की कायद्याने आपण आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी कामं त्यावर अडतात. पण पालकत्व घेतलं म्हणून त्याचं पेन काढून घ्यायचं नसतं.

लालबागची_माय | १६ जानेवारी २०२६, रात्री १०:२५

संक्रांत झाली. तिळगूळ घ्या सगळे.

नोव्हेंबरात त्याला विचारलं होतं, पणत्या आवडतात का. 'हो' म्हणाला. मग शिवडीताईंचं वाचून पणती, कागद आणि मातीची कुंडी अशा तीन वस्तू मांडल्या, रोज जागा बदलून. नऊ दिवसांत आठ वेळा कुंडी. मोठी आहे, ठिपक्यांना जागा पुरते म्हणून असेल.

कार्यशाळेत जाऊन बोलले. भांडले नाही. वाणासाठी यंदा छोट्या कुंड्यांची ऑर्डर होती. म्हटलं, सगळ्या तुमच्या पद्धतीने करा, फक्त एक ट्रे असाच राहू द्या, त्यावर तुमच्यापैकी कुणीही हात फिरवायचा नाही. मॅडम आधी म्हणाल्या विकल्या जाणार नाहीत. मी म्हटलं, न विकल्या तर मी घेते. अकरा कुंड्या ठेवल्या. किनार नाही, ओघळ आहेत, एकावर तर पूर्ण पंजा.

स्टॉलवर त्याला घेऊन गेले. ट्रे पुढे ओढून विचारलं, "यातली तुझी कुठली?" त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. सवय काय दोन महिन्यांत जाते? मी कुंड्यांकडे बघत राहिले. मागे वाणाची खरेदी करणाऱ्या बायका ताटकळल्या होत्या, एक म्हणालीही, "अहो, जरा सरका." मी मोजत होते. चाळीसच्या पुढे गेले.

मग त्याने एक कुंडी उचलली आणि उलटी केली. ठेवली. दुसरी उलटी केली. ठेवली. मला आधी कळेना काय चाललंय. सहावी की सातवी उलटी केली, बुडाला वाटाण्याएवढा पांढरा ठिपका. "ही."

मागच्या बाईंना तीच आवडली. साठ रुपये काढून पुढे केले. हा कुंडी पोटाशी धरून म्हणाला, "नाही." मॅडम म्हणाल्या हिशोबात धरावी लागेल. मी साठ रुपये भरले. बाईंनी पंजावाली घेतली.

अकरातल्या पाच गेल्या, त्यात ही आमची धरून. उरलेल्या सहा माझ्या खिडकीत आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा. दिवाळीच्या ऑर्डरचं काय करायचं यावर मॅडमचं आणि माझं अजून जमलेलं नाही. पाचशेच्या पाचशे अशा चालणार नाहीत हे मलाही दिसतं.

डोंबिवली_फास्ट | १६ जानेवारी, रात्री १०:५०

दोन द्या मला. आणि खडू_फळा सर, ते जाड दांड्याचे बारा नंबरचे ब्रश कुठे मिळतील? इथल्या दुकानात सगळे बारीक आहेत. चिरंजीव हिरव्याशिवाय हात लावत नाहीत, तोही डझनाने लागतोय.

खडू_फळा | १७ जानेवारी, सकाळी ७:१०

क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर बघा. रविवार सोडून जा. आणि त्याला घेऊन जा, हिरवे तिथे बरेच प्रकारचे असतात.